नाशिकच्या बिशपांच्या बोधचिन्हातली हिरवी टोपी, गोंडे आणि ढाल यांचा अर्थ काय? पत्रिकेवर छापताना काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या कार्यक्रमाला नाशिक धर्मप्रांताचे बिशप येणार आहेत आणि प्रेसवाल्याने पत्रिकेसाठी त्यांचा ‘लोगो’ मागितला आहे. शोधल्यावर तुम्हाला तीन चित्रं मिळाली. एकात हिरवी टोपी आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे आहेत, दुसऱ्यात दहा-दहा, आणि तिसऱ्यात टोपीच्या जागी उंच टोकदार मुकुट. यातलं खरं कोणतं, आणि या सगळ्याचा अर्थ काय? शिवाय शाळेत त्याची रांगोळी काढायची तर कशी?

आधी उत्तर देतो. कॅथलिक बिशपांच्या चिन्हावर हिरवी टोपी आणि सहा-सहा गोंडे असतात, म्हणजे तुमचं पहिलं चित्र. दहा-दहा गोंडे आर्चबिशपांचे, म्हणजे बिशपांच्या वरच्या पदाचे. मुकुटवालं चित्र (या मुकुटाला मायटर म्हणतात) एक तर १९६९ च्या आधीच्या कॅथलिक पद्धतीचं असेल, नाहीतर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. नाशिकमध्ये हा तिसरा घोळ सहज होतो, कारण ‘नाशिकचे बिशप’ इथे दोन आहेत: रोमन कॅथलिक धर्मप्रांताचे एक आणि अँग्लिकन वारसाही असलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे दुसरे. इंटरनेटवर नुसतं ‘नाशिक बिशप’ शोधलं की दोन्हींची चित्रं एकत्र येतात. चित्रात कमळ, क्रूस आणि प्याला दिसला तर ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं बोधचिन्ह आहे. तुमच्या पाहुण्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मात्र पहिलं चित्रही डोळे झाकून वापरू नका. सहा-सहा गोंड्यांची हिरवी टोपी जगातल्या सगळ्याच कॅथलिक बिशपांची असते. ढालीच्या बाहेर जे दिसतं ते पद सांगतं आणि ढालीच्या आत जे आहे ते माणूस सांगतं, एवढं लक्षात ठेवलं की अर्धं चिन्ह वाचता आलं. टोपी, गोंडे आणि ढालीमागचा क्रूस सर्व बिशपांना सारखे, ते नियमाने ठरलेले. ढालीत काय घ्यायचं आणि खालच्या फितीवर कोणतं ब्रीदवाक्य लिहायचं हे मात्र बिशप स्वतः ठरवतात. म्हणून बाहेरचा भाग तपासायला मोजणी पुरते, आतला भाग तपासायला बिशप हाउसमधूनच (बिशपांच्या निवास-कार्यालयातूनच) खात्री करून घ्यावी लागते.

आता बाहेरचा भाग. ही टोपी म्हणजे रुंद काठाची, उथळ, गोल यात्रेकरूची टोपी. तिला गालेरो म्हणतात. युरोपात बाराव्या शतकात सरदारांनी ढालींवर खुणा रंगवायला सुरुवात केली, पुढे ढालीच्या वर शिरस्त्राणही दाखवू लागले. धर्मगुरू लढणारा माणूस नव्हे, त्याला शिरस्त्राण शोभत नाही, म्हणून त्या जागी टोपी आली. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ मध्ये कार्डिनलांना, म्हणजे पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना, लाल टोपी दिली. पुढे चिन्हांमध्ये बिशपांसाठी हिरवा रंग रूढ झाला. कार्डिनलांना ही टोपी प्रत्यक्ष मिळायची, आणि कार्डिनल वारले की ती त्यांच्या कबरीवर छताला टांगायची, गळून पडेपर्यंत तिथेच राहू द्यायची, असा रिवाज होता. १९६९ मध्ये प्रत्यक्ष टोपी देणं थांबलं. ती आता चिन्हांतच उरली आहे, त्यामुळे तुमच्या कार्यक्रमाला बिशप हिरवी टोपी घालून येतील असं मुलांना सांगू नका. त्यांच्या डोक्यावर जांभळट-गुलाबी रंगाची छोटी गोल टोपी असेल, आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) असेल तर उंच मायटर.

गोंडे मोजायची रीत अशी. टोपीच्या दोन्ही कडांतून दोरी निघते, ती गुंफली जाऊन खाली येते आणि तिला गोंडे लटकतात. वरच्या ओळीत एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. एका बाजूला सहा, दोन्ही मिळून बारा. आर्चबिशपांना चार गोंड्यांची आणखी एक ओळ मिळते, म्हणजे बाजूला दहा, एकूण वीस. कार्डिनलांची टोपी आणि गोंडे लाल, ओळी पाच, बाजूला पंधरा, एकूण तीस. साध्या धर्मगुरूला चिन्ह असेल तर काळी टोपी आणि बाजूला एकेकच गोंडा. हिरवी टोपी आणि बाजूला पंधरा असं चित्र सापडलं तर ते पेट्रिआर्कचं, म्हणजे आर्चबिशपांहूनही वरच्या दर्जाच्या धर्मगुरूचं. तयार क्लिपआर्टमध्ये ते सर्रास ‘बिशप’ म्हणून दिलेलं असतं, ते घेऊ नका.

ढालीच्या मागे उभा क्रूस असतो. त्याचं वरचं टोक टोपीखाली आणि दांडीचं टोक ढालीखाली दिसतं. बिशपांच्या क्रूसाला आडवी पट्टी एक, आर्चबिशपांच्या क्रूसाला दोन. तपासायची ही दुसरी खूण, आणि ती गोंड्यांशी जुळलीच पाहिजे. गोंडे सहा आणि पट्ट्या दोन असं चित्र दिसलं तर ते कोणीतरी दोन चित्रं जोडून बनवलेलं आहे, सोडून द्या. क्रूसावर पाच लाल खडे दिसले तर त्या ख्रिस्ताच्या पाच जखमा. ते असले काय आणि नसले काय, पदात फरक पडत नाही.

जवळचं एक उदाहरण गोंधळात टाकू शकतं. वसई धर्मप्रांत मुंबईच्या महाधर्मप्रांताच्या अखत्यारीत येतं, नाशिकसारखंच. तरी आधी नाशिकला बिशप असलेले फेलिक्स मच्याडो २००९ मध्ये वसईला नेमले गेले तेव्हा त्यांना व्यक्तिगत आर्चबिशप ही पदवी होती, म्हणजे धर्मप्रांत साधंच, पण पदवी आर्चबिशपांची. म्हणजे गोंडे धर्मप्रांताचा दर्जा पाहून ठरत नाहीत, त्या व्यक्तीची पदवी पाहून ठरतात. गोंडे मोजताना ‘हे धर्मप्रांत लहान, म्हणून सहा’ असा हिशेब करू नका.

मुकुटाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ही चूक अजूनही छापली जाते. मायटर आणि बिशपांचा वाकड्या टोकाचा दंड पूर्वी ढालीवर दाखवायचे. ३१ मार्च १९६९ रोजी रोमने कार्डिनल आणि बिशप यांच्या चिन्हांतून मायटर आणि दंड वगळायला सांगितलं. म्हणून आजच्या कॅथलिक बिशपांच्या चिन्हावर, ढालीच्या बाहेर, ती दोन्ही नसतात. अँग्लिकन परंपरेत मायटर चालू राहिला. धर्मप्रांत ही संस्था म्हणून स्वतःचं वेगळं चिन्ह वापरत असेल तर त्यात मायटर असू शकतो. ते मात्र संस्थेचं चिन्ह, बिशपांचं नव्हे. ‘माननीय बिशप यांच्या शुभहस्ते’ या ओळीच्या वर बिशपांचं चिन्ह येतं, धर्मप्रांताचं नाही.

आता ढालीच्या आत. इथे डावं-उजवं उलटं असतं. ढाल धरणाऱ्या माणसाच्या अंगाने बाजू मोजतात, त्यामुळे ढालीची उजवी बाजू म्हणजे बघणाऱ्याची डावी. तीच मानाची. ढाल उभी विभागून एका अर्ध्यात धर्मप्रांताचं चिन्ह आणि दुसऱ्यात बिशपांचं स्वतःचं असेल, तर धर्मप्रांताचं चिन्ह बघणाऱ्याच्या डावीकडे येतं. प्राणी-पक्षीही सहसा तिकडेच तोंड करून असतात.

रंगांचा एकच मोठा नियम आहे: धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. धातू दोन, सोनं आणि चांदी. छापताना ते पिवळे आणि पांढरे होतात. बाकी लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे रंग. हे दुरून ओळखू येण्यासाठी आहे, आणि आपण तो नियम रोज रस्त्यावर बघतो. खासगी गाडीची पाटी पांढऱ्यावर काळी, टॅक्सीची पिवळ्यावर काळी, विजेवरच्या खासगी गाडीची हिरव्यावर पांढरी. प्रत्येक वेळी एक धातू आणि एक रंग. निळ्यावर काळी अक्षरं असती तर द्वारका सर्कलच्या सिग्नलवर कोणाचा नंबर वाचता आला असता? म्हणूनच ढालीतला पिवळा क्रूस ‘पांढऱ्यावर जास्त सोज्वळ दिसेल’ म्हणून निळं क्षेत्र पांढरं करणारा डिझायनर चिन्हाचा अर्थ बदलतो आणि ते दिसेनासंही करतो.

आतल्या खुणा साधारण तीन ठिकाणांहून येतात: श्रद्धा, संघ आणि गाव. श्रद्धेच्या खुणा सगळीकडे सारख्या. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, नांगर म्हणजे आशा (जहाजाचा नांगर, शेतातला नव्हे, मराठीत शब्द एकच असल्याने मुलांना हे सांगावं लागतं), पताका घेतलेलं कोकरू म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त, चोच छातीत रुतवून पिलांना रक्त पाजणारा पेलिकन म्हणजे ख्रिस्तप्रसाद, लिली किंवा तारा म्हणजे बहुधा पवित्र मारिया, किल्ल्या म्हणजे संत पेत्र, शिंपला म्हणजे यात्रा. संघाच्या खुणा बिशप कोणत्या संन्यस्त संघातून आले ते सांगतात. सूर्यकिरणांत आय, एच, एस ही तीन अक्षरं, वर क्रूस आणि खाली तीन खिळे असले की येशूसंघ. ती अक्षरं येशूच्या ग्रीक नावाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून आली. डोंगर आणि तीन तारे असले की कार्मेल संघ, पुस्तकावर बाणाने विंधलेलं जळतं हृदय असलं की ऑगस्टिनियन. सध्याचे पोप चौदावे लिओ ऑगस्टिनियन आहेत, त्यांच्या ढालीत ते हृदय दिसेल. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळं झालं, तेव्हाचे पहिले बिशप थॉमस भालेराव येशूसंघाचे होते. संघाबाहेरून, धर्मप्रांताच्या धर्मगुरूंमधून आलेल्या बिशपांच्या ढालीत अशी खूण नसते.

गावाची खूण सगळ्यात चुकीची वाचली जाते. लाटांच्या पट्ट्या, एक निळी एक पांढरी, या पाण्याच्या. त्या नदी दाखवू शकतात, समुद्र दाखवू शकतात, बाप्तिस्मा दाखवू शकतात. नाशिकचे बिशप म्हणून ती गोदावरीच असं गृहीत धरू नका. द्राक्षांचा घड दिसला की नाशिककर लगेच पिंपळगाव आणि दिंडोरीचे मळे आठवतो, पण या चिन्हांत घड आधी मिस्साबलीचा असतो, सोबत गव्हाची ओंबी असेल तर नक्कीच. योहानच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, तिथूनही घड येतो. एखाद्या चिन्हकाराने दोन्ही अर्थ एकत्र योजले असतील तर फारच सुंदर, पण ते लेखी स्पष्टीकरणात असलं पाहिजे. पोप फ्रान्सिस यांच्या ढालीतली एक खूण अनेकांना द्राक्षांचा घड वाटते. तो घड नाही, नार्ड या फुलाचा तुरा आहे. स्पॅनिश परंपरेत ते संत योसेफाचं फूल, तिथे निशिगंधालाही नार्डो म्हणतात. नुसत्या नजरेने अर्थ लावला तर काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून शाळेच्या फलकावर अर्थ लिहायचा असेल तर बिशपांच्या दीक्षाविधीच्या किंवा पदग्रहणाच्या पुस्तिकेतलं स्पष्टीकरण मिळवा. चिन्हाचं वर्णन बहुधा त्यात छापलेलं असतं. ते नसेल तर बाहेरच्या भागाचा अर्थ लिहा, आतला सोडून द्या.

आता छपाई. बिशप हाउसच्या सचिवांकडे तीन गोष्टी मागा: वापरायची परवानगी, व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी: सीडीआर, एसव्हीजी किंवा मूळ पीडीएफ) आणि ब्रीदवाक्याचा अचूक मजकूर. फाइल व्हॉट्सअॅपवर आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि सगळ्यात आधी गोंडेच एकमेकांत मिसळतात. सहा गोंड्यांचा हिरवा झुपका झाला की पद वाचता येत नाही. व्हेक्टर मिळालीच नाही तर पिक्सेल मोजा: पत्रिकेवर दीड इंच रुंदीला किमान ४५० पिक्सेल लागतात. दोन फूट रुंद चिन्ह फ्लेक्सवर हवं असेल तर इंचाला १०० धरून २४०० पिक्सेल. चिन्ह सव्वा इंचाहून लहान छापू नका. लेटरहेडवर त्याहून लहान करायचं असेल तर गोंड्यांच्या आतल्या रेषा काढून नुसते आकार ठेवा, पण संख्या कमी करू नका.

ब्रीदवाक्य मराठीत असेल तर खरी कसोटी तिथे लागते. प्रेसमधले जुने फॉन्ट युनिकोड नसतात, त्यामुळे मजकूर चिकटवला की वेलांट्या आणि जोडाक्षरं उलटसुलट होतात. फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करूनच) द्या, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर हलणार नाही. दुसरी अडचण फितीच्या वळणाची. रोमन अक्षरं सुटी असतात, ती वळणावर सहज बसतात. देवनागरीला शिरोरेघ आहे. मजकूर वळणावर चढवला की प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात फिरतं, शिरोरेघ तुटते आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. उपाय साधा आहे: फितीचा मधला भाग सपाट ठेवा, ब्रीद तिथे सरळ ओळीत बसवा, वळणं फक्त दोन टोकांना द्या. वाक्य लांब असेल तर अक्षर दाबून अरुंद करू नका, फीत रुंद करा.

चिन्ह आरशातल्यासारखं उलटणं ही तिसरी चूक, आणि ती काचेच्या स्टिकरवर किंवा कापडावर उष्णतेने उमटवताना होते. ब्रीदवाक्य असेल तर लगेच कळतं. ते काढून नुसती ढाल घेतली असेल तर कळतच नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांची ढाल आठवा: निळ्यावर सोनेरी क्रूस, बघणाऱ्याच्या डावीकडे सरकवलेला, आणि उजवीकडे खाली मारियेचं ‘एम’ अक्षर. एम उलटला तरी एमच राहतो, त्यामुळे ढाल फिरली आहे हे अक्षर पाहून समजणार नाही.

एकाच शाईत, शिक्क्यात किंवा कोरीव कामात छापायचं असेल तर रंग रेघांनी दाखवायची जुनी पद्धत आहे. सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या येशूसंघीय धर्मगुरूच्या १६३८ च्या पुस्तकामुळे ती रूढ झाली. सोनं म्हणजे ठिपके, चांदी म्हणजे कोरं, लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्या जाळीच्या. हिरवा म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेघा, आणि जांभळा म्हणजे नेमक्या उलट्या तिरक्या. इथे चित्र उलटलं तर बिशपांची हिरवी टोपी कागदावर जांभळी होते, आणि जांभळी टोपी सहा-सहा जांभळ्या गोंड्यांसह मॉन्सिन्योर या धर्मगुरूंना मिळणाऱ्या मानाच्या पदवीच्या एका श्रेणीची खूण आहे. रबरी शिक्का मुळात उलटाच कोरायचा असतो, त्यामुळे शिक्केवाल्याला छापाचा नमुना आधी कागदावर दाखवायला सांगा. रेघांचा व्याप नको असेल तर नुसती बाह्यरेषा ठेवा. गोंड्यांची संख्या आणि क्रूसाची पट्टी तेवढ्यावरही पद सांगतात.

पार्श्वभूमीचंही बघा. हिरवी टोपी हिरव्या किंवा जांभळ्या पत्रिकेवर बुडते. मागे पांढरा किंवा फिकट पिवळा भाग सोडा. हिरव्याची छटा नियमाने ठरलेली नाही, थोडी गडद-फिकट चालेल, पण ती निळसर होऊ देऊ नका. सोनेरी फॉइल सुंदर दिसते, मात्र पूर्ण चिन्ह एकाच फॉइलमध्ये काढलं तर ढालीतले धातू आणि रंग एक होतात. फॉइल फक्त क्रूस आणि फितीच्या कडांना वापरलेली मला जास्त पटते.

रांगोळीचं विचारलं आहे म्हणून. ढाल चार वीत रुंद, पाच वीत उंच घ्या. टोपीचा काठ ढालीपेक्षा एक वीत जास्त रुंद, आणि टोपी व ढाल यांत क्रूसाचं टोक दिसेल इतकी जागा. गोंड्यांची खालची ओळ ढालीच्या पोटाच्या खाली नेऊ नका, नाहीतर फितीला जागा उरत नाही. आधी खडूने बारा टिंबं मांडून गोंड्यांच्या जागा ठरवा, रंग नंतर भरा. दोन मुलं दोन बाजूंनी काढायला बसली की एकीकडे सहा आणि दुसरीकडे पाच होतात. चांदीसाठी नुसती पांढरी रांगोळी, सोन्यासाठी पिवळी. आणि जागा प्रवेशाच्या वाटेवर नको, बाजूच्या कट्ट्यावर किंवा पाटावर काढा. त्यात क्रूस आहे, त्यावरून कोणाचा पाय जाऊ नये.

कार्यक्रम ठरल्यावर बिशपांची बदली झाली किंवा ते आर्चबिशप झाले, तर जुनी फाइल वापरू नका. ढाल तीच राहू शकते किंवा तिच्यात भर पडू शकते, पण आर्चबिशप झाल्यावर गोंडे आणि क्रूस बदलतात. प्रूफ सहीसाठी सचिवांकडे पाठवताना चिन्ह पत्रिकेवर जेवढं छापायचं आहे तेवढ्याच आकाराचं प्रिंट द्या, मोबाइलच्या पडद्यावर मोठं करून पाहिलेलं पुरत नाही.